परदेशातील हॉटेलात टॉयलेट पेपर कुठे टाकावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकल्यावर प्रवासी पलंग पाहतो, खिडकीबाहेरचे दृश्य पाहतो, वायफायचा पासवर्ड शोधतो; कमोडच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेली चार ओळींची सूचना मात्र बहुधा दुसऱ्या दिवशी त्याच्या नजरेस पडते. तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो. या सूचनेविषयी प्रवासाला निघण्यापूर्वी, आणि क्वचित प्रवासातल्या घाईच्या क्षणी, जे प्रश्न विचारले जातात ते येथे एकत्र केले आहेत.

टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकू नये, असे काही हॉटेले का सांगतात?

याचे कारण त्या इमारतीच्या भिंतींत आणि जमिनीखाली असते. कमोडमधला मैला वाहून नेण्यासाठी साधारणपणे १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप वापरतात. तो आतून गुळगुळीत असेल, त्याला पुरेसा ढाळ असेल आणि प्रत्येक फ्लशबरोबर पुरेसे पाणी येत असेल, तर साधा टॉयलेट पेपर त्यातून विनासायास निघून जातो. अडचण अशी की जगातील असंख्य हॉटेले मुळात हॉटेल म्हणून बांधलेलीच नाहीत. जुन्या घरांची पुढे अतिथिगृहे झाली, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर देण्यासाठी जाड भिंतींतून आणि फरशीखालून मिळेल तशी वाट काढत पाइप नेले गेले, आणि जिथे जागा अपुरी पडली तिथे ते अरुंद घेतले गेले. पाइपचा व्यास निम्मा झाला की त्याचे छेदक्षेत्र एक चतुर्थांशावर येते, हे शाळेतले गणित इथे महागात पडते. त्यातच थोड्या थोड्या अंतरावर काटकोनातले वळण असेल, तर ओल्या कागदाचा गोळा अडकायला तेवढे निमित्त पुरते.

ढाळाचेही तसेच आहे. आडव्या मलवाहिनीला साधारणपणे दर ४० ते ८० मीटर लांबीमागे एक मीटर इतका उतार देतात. जुन्या इमारतीत नंतर घातलेल्या पाइपला तो दरवेळी मिळत नाही, आणि उतार कमी पडला की पाणी पुढे निघून जाते व कागद मागे रेंगाळतो. छतापर्यंत नेलेली वायुनळी नसेल, तर वाहत्या पाण्यामागे पोकळी निर्माण होऊन प्रवाह मंदावतो आणि कमोड गुडगुडू लागतो. बिडाच्या जुन्या पाइपांना आतून गंजाचा खरखरीत थर चढतो, मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरतात. कागदाचे तंतू पकडून ठेवण्यात हे दोघेही पटाईत असतात. यांपैकी एखादाच दोष असेल तर निभावून जाते. दोन-तीन एकत्र आले की हॉटेलमालक एक-दोन हंगाम प्लंबरची बिले भरतो आणि मग भिंतीवर पाटी लावतो.

पाइप पुरेसा रुंद असतानाही मनाई असू शकते का?

असू शकते, कारण पाइप कुठे जाऊन मिळतो हेही पाहावे लागते. गावात सार्वजनिक मलनिस्सारण व्यवस्था नसेल, तर हॉटेलची स्वतःची सेप्टिक टँक असते. या टाकीत जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले तुलनेने निवळलेले पाणी बाहेर जाऊन जमिनीत मुरते. हवेविना जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करतात; कागदातील सेल्युलोजचेही ते करतात, पण बरेच सावकाश. चार माणसांच्या घराची टाकी हा भार सहज पेलते. तीस खोल्या भरलेल्या हंगामात तीच गोष्ट अवघड होते, गाळ लवकर चढतो आणि टाकी उपसण्यासाठी टँकर बोलवावा लागतो. लहान बेटावर किंवा डोंगरातल्या वाडीवर हा टँकर आणणे सोपे नसते. कागद वेगळा ठेवला की दोन उपशांमधले अंतर वाढते, इतका हा साधा हिशोब आहे.

याला पाण्याच्या टंचाईची जोड मिळते. जिथे पाणी बाहेरून आणावे लागते तिथे फ्लशच्या टाकीत मुद्दाम कमी पाणी भरू देतात, आणि कमी पाण्याने कागद लांबवर ढकलला जात नाही. काही ठिकाणी मैला पंपाने वर चढवावा लागतो. पंपाच्या पात्यांना गुंडाळणाऱ्या वस्तू तिथे विशेष त्रासदायक ठरतात.

टॉयलेट पेपर पाण्यात विरघळतो ना? मग तो तुंबतो कसा?

मीठ विरघळते त्या अर्थाने कागद कधीच विरघळत नाही. तो सुटा होतो. टॉयलेट पेपरमधले आखूड तंतू कोरडे असताना एकमेकांना धरून असतात आणि पाणी शिरले की ही पकड सैल होते. परंतु त्यासाठी थोडा वेळ आणि पाण्याची घुसळण लागते. जपानच्या औद्योगिक मानकात टॉयलेट पेपर पाण्यात ढवळल्यावर १०० सेकंदांच्या आत सुटा झाला पाहिजे अशी कसोटी आहे. जगातला प्रत्येक रोल या कसोटीला उतरतो असे मानण्याचे कारण नाही. तीन-चार पदरी, नक्षीदार, मऊ कागद सुटा व्हायला अधिक वेळ घेतो, आणि पहिले वळण कमोडपासून हातभर अंतरावरच असते.

याहून महत्त्वाचा भेद टॉयलेट पेपर आणि इतर कागदांमधला आहे. चेहरा पुसण्याचा टिश्यू, स्वयंपाकघरातला जाड कागद आणि जेवणाच्या टेबलावरचा नॅपकिन ओला झाल्यावरही फाटू नये म्हणून त्यात विशिष्ट रेझीन घातलेले असते. म्हणजे ज्या गुणासाठी आपण तो विकत घेतो, तोच गुण पाइपमध्ये घातक ठरतो. सार्वजनिक शौचालयात कागद मिळणार नाही या भीतीने अनेक प्रवासी खिशात टिश्यूचे पाकीट बाळगतात. ती खबरदारी योग्यच आहे, मात्र तो टिश्यू कोणत्याही देशात कमोडमध्ये टाकण्याजोगा नसतो. शंका असेल तर झाकणाच्या बाटलीत पाणी घेऊन दोन्ही कागदांचे तुकडे वेगवेगळे हलवून पाहावेत. फरक मिनिटभरात दिसतो.

कोणत्या देशांत कागद टोपलीत टाकावा लागतो?

या प्रश्नाला एखादी पक्की यादी उत्तर म्हणून देता येत नाही, कारण नियम देशाचा नसून इमारतीचा असतो. तरीही कुठे अधिक सावध असावे हे सांगता येते. युरोपात ग्रीसचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागेल. तिथल्या बेटांवरच्या लहान हॉटेलांत ही पाटी जवळपास हमखास दिसते. तुर्कस्तान, सायप्रस, इजिप्त, जॉर्डन आणि मोरोक्को येथील जुन्या इमारतींतही कमोडशेजारी टोपली असते. मेक्सिकोपासून दक्षिणेकडे, म्हणजे ग्वाटेमाला, निकाराग्वा, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया या पट्ट्यात, कागद टोपलीत टाकणे हीच सर्वसाधारण रीत आहे, आणि क्युबा व ब्राझीलमध्येही ती मोठ्या प्रमाणावर आढळते. आग्नेय आशियात थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस, इंडोनेशिया येथे सेप्टिक टँकवर चालणारी अतिथिगृहे पुष्कळ आहेत. चीनमध्ये जुन्या भागांत टोपली आणि नव्या मोठ्या हॉटेलांत फ्लश, असे दोन्ही प्रकार सुखाने नांदतात.

ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, नॉर्डिक देश, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर आणि जपान येथे कागद फ्लश करणे अपेक्षित असते. तरीही तिथल्या एखाद्या आडबाजूच्या फार्महाउसमध्ये किंवा जंगलातल्या लाकडी खोलीत सेप्टिक टँक असेल, तर तिथली पाटी वेगळे सांगू शकते, आणि त्या रात्रीपुरती तीच खरी.

जिथे फ्लश करणे अपेक्षित आहे, तिथे टोपलीत टाकले तर काय बिघडले?

पाइपचे काही बिघडत नाही. पण साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला तो कागद अनपेक्षितपणे हाताळावा लागतो. जपानमध्ये कमोडशेजारी असलेला लहान झाकणाचा डबा सॅनिटरी पॅडसाठी असतो. टोपलीची सवय झालेले परदेशी पाहुणे त्यात वापरलेला कागद टाकू लागल्यामुळे तिथे ‘कागद कृपया फ्लश करावा’ अशा उलट्या पाट्या अनेक भाषांत लावाव्या लागल्या आहेत.

दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिथे कमोडशेजारी टोपली ठेवण्याची पद्धत अनेक दशके रुळलेली होती. १ जानेवारी २०१८ पासून सार्वजनिक शौचालयांच्या कक्षांतून या टोपल्या काढून टाकण्याचा नियम लागू झाला. स्त्रियांच्या कक्षांत सॅनिटरी वस्तूंसाठी स्वतंत्र डबा ठेवण्यात आला आणि कागद फ्लश करण्यास लोकांना सांगण्यात आले. तैवानच्या पर्यावरण प्रशासनानेही २०१७ मध्ये कागद फ्लश करण्याची मोहीम हाती घेतली. म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रवाशाचा सल्ला, तो कितीही अनुभवी असला, तरी आज जसाच्या तसा मानू नये. खासगी अतिथिगृहांत जुनी रीत अजून सापडते, हेही लक्षात असावे.

खोलीत पाटी नाही, पण कमोडशेजारी टोपली आहे. मग काय समजावे?

टोपली असणे हा पुरावा नाही, ती केवळ एक खूण आहे. तिला झाकण असेल, आत प्लॅस्टिकची पिशवी असेल, ती बसल्या जागेवरून सहज हाताशी येत असेल आणि रोज रिकामी होत असेल, तर ती बहुधा कागदासाठीच ठेवलेली असते. बेसिनखाली ठेवलेली उघडी, शोभेची टोपली साबणाच्या वेष्टनांसाठी असते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खोलीची चावी घेतानाच रिसेप्शनवर विचारणे. हा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो; समोरच्या कर्मचाऱ्याला मात्र तो रोज ऐकून इतका सवयीचा झालेला असतो की तो मान वर न करताच उत्तर देतो. विचारायला कोणीच नसेल, तर कागद टोपलीत टाकावा. टोपलीची चूक सकाळी पिशवीबरोबर निघून जाते, पाइपमधली चूक राहते.

परक्या भाषेतली पाटी कशी ओळखावी?

बहुतेक ठिकाणी चित्र असते : कमोड, त्यात पडणारा कागद आणि त्यावर तांबडी फुली. चित्र नसेल तर काही शब्द ओळखीचे असावेत. स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्येही कागदाला ‘पापेल’ म्हणतात. कचऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘बासुरा’ आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘लिशो’ हा शब्द आहे. ग्रीकमध्ये कागद म्हणजे ‘खार्ती’. लिपीच वाचता येत नसेल, तर फोनच्या कॅमेऱ्याने पाटीचे भाषांतर करून घेता येते. त्यासाठी त्या भाषेचा संच इंटरनेट असतानाच फोनवर उतरवून ठेवावा.

वापरलेला कागद टोपलीत ठेवणे आरोग्याला घातक नाही का?

व्यवस्था नीट असेल तर धोका फार थोडा असतो. विष्ठेतले जंतू हात, पृष्ठभाग आणि माश्या यांमार्फत पसरतात, तेव्हा या तीन वाटा बंद करणे पुरेसे होते. कागद मळलेली बाजू आत येईल असा दुमडावा, टोपलीत दाबून बसवू नये, झाकण लगेच लावावे आणि त्यानंतर साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. पायाने उघडणारी टोपली असेल तर उत्तमच. टोपली दिवसातून एकदा रिकामी व्हायला हवी. ती होत नसेल तर तक्रार करण्यास अजिबात कचरू नये, कारण पाहुण्याने नियम पाळायचा असेल तर हॉटेलनेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. खोलीत कुणाला जुलाब किंवा उलट्या होत असतील, तर मात्र त्या व्यक्तीचा कागद वेगळ्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड बांधून टाकावा आणि साफसफाईला येणाऱ्या व्यक्तीला तसे सांगावे.

वासाची तक्रार बहुतेक वेळा ओल्या कागदामुळे असते. पाण्याने धुऊन कोरडे करण्यापुरता कागद वापरला, तर टोपलीत जवळपास स्वच्छ कागदच जातो आणि सगळा प्रश्न निम्म्याहून हलका होतो.

पाण्याने स्वच्छता करण्याची सोय परदेशात कुठे असते?

पुष्कळ ठिकाणी असते, फक्त तिचे रूप बदलते. थायलंड आणि आसपासच्या देशांत, तसेच अरब देशांत, कमोडशेजारी हाताने धरायचा फवारा असतो. तुर्कस्तानात कमोडच्या आतच मागच्या बाजूला बारीक तोटी असते आणि तिची चावी शेजारच्या भिंतीवर असते. ती उघडण्यापूर्वी नीट बसून घ्यावे, नाहीतर समोरची भिंत भिजते. फिनलंडमध्ये बेसिनला जोडलेला लहान हातफवारा घरोघरी आढळतो. इटलीत १९७५ च्या एका शासकीय आदेशाने प्रत्येक घरातील किमान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे बसून पाण्याने धुण्यासाठीचे वेगळे भांडे, असणे बंधनकारक केले, त्यामुळे हॉटेलांतही ते सर्रास दिसते. जपानमधल्या विजेवर चालणाऱ्या आसनांची तर आता जगभर ख्याती आहे. तोतो कंपनीने ‘वॉशलेट’ १९८० मध्ये बाजारात आणले. त्याची बटणे दाबून पाहण्यापूर्वी थांबवण्याचे बटण कोणते ते आधी शोधून ठेवावे.

बिडेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ते कमोडसारखे दिसत असले तरी त्याची निचरा नळी हात धुण्याच्या बेसिनइतकीच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटरची असते. त्यात कागद, केस किंवा अन्य काहीही टाकू नये.

फवारा नसेल, तर बाटलीने पाणी वापरलेले चालते का?

कमोडमध्ये पाणी पडल्याने पाइपला काहीही होत नाही, उलट थोडी मदतच होते. प्रश्न जमिनीचा आहे. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक न्हाणीघरांत शॉवरच्या जागेबाहेर जमिनीला निचऱ्याची जाळीच नसते, आणि जुन्या इमारतीत फरशीखाली लाकडी तक्तपोशी असते. तिथे सांडलेले पाणी फरशीच्या सांध्यांतून झिरपून खालच्या खोलीच्या छताला ओल आणते. बाटलीने पाणी वापरताना आसनावर बसूनच वापरावे, पाय खाली टेकलेले असावेत आणि जमीन नंतर पुसून घ्यावी. आसनावर पाय ठेवून उकिडवे बसणे तर कुठेही टाळावे. भिंतीला टांगलेला कमोड किंवा चिनी मातीची जुनी कड त्या एकवटलेल्या वजनाने फुटू शकते आणि तिची धार फार वाईट असते.

वेष्टनावर ‘फ्लश करण्याजोगे’ लिहिलेले ओले वाइप्स चालतात का?

माझे स्पष्ट मत आहे की चालत नाहीत, आणि ते कागद फ्लश करणाऱ्या देशांनाही लागू आहे. असंख्य वाइप्सच्या विणीत प्लॅस्टिकचे तंतू असतात. जे पूर्णतः वनस्पतिजन्य तंतूंचे असतात तेही टॉयलेट पेपरच्या वेगाने सुटे होत नाहीत. गटारात ते थिजलेल्या चरबीला सांगाडा पुरवतात. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात सापडलेला असा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता, आणि तो फोडायला आठवडे लागले. त्याचा एक तुकडा २०१८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला होता. मोठमोठ्या गटारांच्या शहरात हे घडते, तर बेटावरच्या अतिथिगृहाची काय कथा?

सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, कंडोम, केस?

हे सर्व टोपलीतच, प्रत्येक देशात आणि प्रत्येक हॉटेलात. टॅम्पॉनविषयी गैरसमज अधिक आहे. तो लहान दिसला तरी पाणी शोषून फुगण्यासाठीच बनवलेला असतो. दात कोरण्याचा दोरा आणि केस एकटे निघून जातात असे वाटते, पण ते इतर वस्तूंना एकत्र बांधतात. उरलेले तेलकट अन्न आणि रस्सा कमोडमध्ये ओतण्याची सवयही सोडावी. औषधाच्या गोळ्यांनी पाइप तुंबत नाही, तरी त्या पाण्यात मिसळू नयेत.

चुकून कागद टाकला गेला. आता काय करावे?

एखाद-दोन चौकोन गेले असतील तर घाबरण्याचे कारण नाही. हे सर्वांकडून होते, विशेषतः झोपेत. पूर्ण फ्लश एकदाच करावा आणि पाणी नेहमीच्या वेगाने खाली जाते का ते पाहावे. दोन बटणांच्या टाकीत मोठे बटण दाबावे. आजच्या बऱ्याच टाक्या पूर्ण फ्लशला सुमारे ६ लिटर आणि अर्ध्याला सुमारे ३ लिटर पाणी सोडतात, आणि ते ३ लिटर द्रवासाठीच मोजलेले असतात. मोठा गोळा गेला असेल आणि तो अजून दिसत असेल, तर हातात पिशवी घालून तो काढून घेणे किळसवाणे असले तरी सर्वांत स्वस्त असते.

कमोड तुंबला आणि पाणी वर येऊ लागले तर?

पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा फ्लश करू नये. सगळा अनर्थ या दुसऱ्या फ्लशने होतो. मी स्वतः एकदा, एका बेटावरच्या हॉटेलात, ‘आता तरी जाईल’ या आशेने तो केला होता आणि पुढचा अर्धा तास हॉटेलचे सर्व टॉवेल जमिनीवर अंथरण्यात घालवला. पाणी काठाकडे चढत असेल तर टाकीच्या मागे किंवा भिंतीजवळ असलेली लहान चावी उजवीकडे फिरवून पाण्याचा पुरवठा बंद करावा. ती सापडत नसेल किंवा गंजून बसली असेल, तर टाकीचे झाकण उचलून तळाची रबरी झडप हाताने खाली दाबावी, किंवा आतला तरंगता गोळा वर उचलून धरावा. टाकीतले पाणी स्वच्छ असते.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. अडलेला पदार्थ फक्त टॉयलेट पेपर असेल तर तेवढ्यात तो मऊ पडतो आणि पाण्याची पातळी हळूहळू उतरते. खोलीत प्लंजर असेल तर त्याची रबरी वाटी पाण्याखाली पूर्ण बुडवून, भोकावर घट्ट बसवून, सावकाश दाबावी आणि ओढावी. ओढणे हे दाबण्याइतकेच उपयोगी असते. उकळते पाणी ओतू नये, कारण तापमानातल्या अचानक फरकाने चिनी मातीला तडा जाऊ शकतो. दुकानातून आणलेले पाइप मोकळे करणारे दाहक रसायन तर मुळीच ओतू नये : ते साचलेल्या पाण्यात तसेच राहते आणि नंतर काम करायला येणाऱ्या प्लंबरच्या अंगावर उडते, शिवाय सेप्टिक टँकमधले उपयुक्त जिवाणू मारते.

एका खोलीत फ्लश केल्यावर शॉवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर अडथळा कमोडमध्ये नसून पुढच्या सामाईक पाइपमध्ये आहे. तिथे पाहुण्याने काहीही करून उपयोग नाही. रिसेप्शनला कळवावे आणि दुसरी खोली मागावी.

दुरुस्तीचा खर्च पाहुण्याला भरावा लागतो का?

हॉटेलात साधा तुंबारा कर्मचारी काढतात आणि विषय तिथेच संपतो. भाड्याने घेतलेल्या सदनिकेत मात्र घरनियमांत कागदाविषयी स्पष्ट अट असू शकते आणि पाइपमधून पॅड किंवा वाइप्स निघाले तर अनामत रकमेतून खर्च वळता केला जाऊ शकतो. म्हणून आल्या दिवशीच कमोड एकदा रिकामा फ्लश करून पाहावा आणि पाणी मंद जात असेल तर लगेच लेखी संदेश पाठवावा. मागच्या पाहुण्याचे देणे आपल्या माथी येऊ नये, यासाठी एवढी नोंद पुरते.

महागड्या किंवा नव्या हॉटेलात ही मर्यादा नसते ना?

नव्याने बांधलेल्या मोठ्या हॉटेलात बहुधा नसते, कारण तिथे पाइप आणि शुद्धीकरण यंत्रणा आधीच हिशोबात धरलेली असते. जुन्या वाड्याचे किंवा मठाचे आलिशान हॉटेल केलेले असेल, तर संगमरवराच्या मागे जुनाच अरुंद पाइप असू शकतो. भाड्याचा आकडा पाहून पाइपचा व्यास ठरवू नये.

कमोडमागून यंत्राचा घरघर आवाज येतो. तो काय असतो?

ते मैला कापून ढकलणारे यंत्र असते. तळघरात किंवा पोटमाळ्यावर, मुख्य मलवाहिनीपासून दूर, न्हाणीघर काढायचे असेल तर कमोडमागे पाती आणि पंप असलेली पेटी बसवतात आणि तिथून २२ ते ३२ मिलिमीटरच्या बारीक नळीतून मैला पुढे जातो. यात बेताने टॉयलेट पेपर चालतो. वाइप, कापूस, दोरा किंवा पॅड गेला की पाती जाम होतात. वीज गेली असेल तर फ्लश करू नये, कारण पेटी रिकामी होणार नाही.

विमान, क्रूझ जहाज आणि लहान बोट यांतही हेच नियम आहेत का?

विमानात आणि क्रूझ जहाजावर मैला पाण्याच्या लोटाने न जाता पोकळीच्या ओढीने खेचला जातो, म्हणून पाणी फार थोडे लागते आणि टॉयलेट पेपर चालतो. जहाजावर अनेक केबिनांची शौचालये एकाच जाळ्यात असल्यामुळे एका पाहुण्याच्या वाइपमुळे संपूर्ण ओळ बंद पडू शकते. भाड्याच्या लहान शिडाच्या बोटीत हातपंप आणि सुमारे ३८ मिलिमीटरची नळी असते. तिथे आधी खाऊन पचवलेले नाही असे काहीही टाकायचे नाही, हा दर्यावर्दी लोकांचा नियम शब्दशः पाळावा.

मुलांना आणि ज्येष्ठांना हे कसे लक्षात राहील?

सवय मोडणे सर्वांनाच कठीण जाते, कारण ही क्रिया विचार न करता होते. पहिले दोन दिवस कमोडचे झाकण मुद्दाम बंद ठेवावे आणि त्यावर टोपली ठेवावी. हात आपोआप थबकतो. परतल्यानंतर काही दिवस उलटी चूक होते, तीही अपेक्षितच.

भाड्याच्या घरातून निघताना टोपलीचे काय करायचे?

पिशवीचे तोंड बांधून ती सर्वसाधारण कचऱ्याच्या पेटीत टाकावी. टॉयलेट पेपर हा कागद असला, तरी वापरलेला कागद पुनर्वापराच्या पेटीत कधीही टाकू नये. एका पिशवीने शेजारचा स्वच्छ कागदही वाया जातो. कचरा उचलण्याचा दिवस ठरलेला असेल तर घरमालकाला विचारून पिशवी त्यानुसार बाहेर ठेवावी आणि टोपलीत नवी पिशवी लावून निघावे.